मंगळवारची सुट्टी

शनिवारी सकाळी न्याहारीची भांडी विसळून झाल्याबरोबर मिसाओने शेडचं दार ढकललं, जुनी घोंगडी बाजूला केली आणि तिच्याखालची चार चाकं एकेक करून घरंगळत अंगणात आणली. बर्फाची चाकं होती ती, हिवाळ्यात निसरड्या रस्त्यावर पकड धरणारी. प्रत्येकाच्या कडेवर खडूने लिहिलेलं होतं: पुढचं उजवं, पुढचं डावं, मागचं उजवं, मागचं डावं. अक्षर जावयाचं, तेत्सुरोचं.

तेत्सुरो उद्या यायचा होता. गेल्या काही वर्षांत नोव्हेंबरचा पहिला रविवार त्याने कधी चुकवला नव्हता. खालच्या गावातून चाळीस मिनिटांचा घाट चढून यायचा, सासूच्या छोट्या पांढऱ्या गाडीची उन्हाळी चाकं काढायचा, बर्फाची चढवायचा, जेवून परत जायचा. एप्रिलमध्ये येऊन पुन्हा उलटं करायचा. अकिताच्या त्या डोंगरात हे काम घरोघर अंगणातच उरकतात, त्यात नवल काहीच नव्हतं. पण एकाहत्तर वर्षांच्या बाईने ते एकटीने अंगावर घ्यावं, असं कोणी म्हटलं नसतं. मिसाओला मात्र आजच उरकायचं होतं. उद्या तेत्सुरो आला की त्याच्या हाताला काही काम उरू नये, एवढाच तिचा बेत होता.

झालं होतं असं, की सोमवारी विहिणीचा, सुमिएचा, फोन आला.

"विहीणबाई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला की."

"तेत्सुरोचं म्हणते मी. त्रेचाळिसावं लागलं त्याला. एक बाई आहे, वाकाना नावाची, भाजीच्या सोसायटीत कामाला असते. स्वभावाने गुणी. दोन वर्षं थांबलीये बिचारी. आणि हा ना हो म्हणतोय, ना नाही. जरा खोदून विचारलं की म्हणतो, वर आई एकट्या आहेत, त्यांचं कोण बघणार? आता तुम्हीच सांगा त्याला. माझं काही तो ऐकत नाही."

"सांगते," मिसाओ म्हणाली, आणि फोन ठेवून तिथेच बसून राहिली.

जावई दुसरं लग्न करणार याचं तिला वाईट वाटलं नाही. चिहारूला जाऊन सहा वर्षं होत आली होती. माणूस किती दिवस रिकाम्या घरात एकट्याने भात शिजवून खाणार? तिला लागलं ते दुसरंच. ‘वर आई एकट्या आहेत.’ म्हणजे पुन्हा आपणच. एकदा आपल्यापायी ह्याच्या संसाराचा नाश झाला, आता दुसऱ्यांदाही आपणच आड आलो.

सहा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, मधल्या एका रविवारी, तिनेच त्याला फोन करून बोलावलं होतं. शेजारच्या तोकुझोभाऊजींनी चाकं बदलली, पलीकडच्यांनी बदलली, माझीच राहिली, कधी येतोस? तो आला. चिहारूची त्या दिवशी ड्यूटी होती, म्हणून एकटाच आला. चाकं बदलून झाल्यावर मिसाओने त्याला जेवायला बसवलं, मग शिडीवर चढवून पर्सिमनच्या झाडाची सगळी फळं काढून घेतली, मग ती सोलायला बसवलं. तो निघाला तेव्हा काळोख पडत होता. पुढच्या बुधवारी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, पहाटे खिंडीत बर्फ पडला. चिहारू खिंडीपलीकडच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. भल्या पहाटे निघाली. घराजवळचा रस्ता नुसता ओला होता. पुलावर मात्र बर्फाची काच झाली होती. गाडी उन्हाळी चाकांवर होती.

मयताच्या घरी मिसाओच्या थोरल्या नणंदेने, कियोनोने, सगळ्यांदेखत विचारलं होतं, "अरे, पण चाकं कशी बदलली नव्हती तिची?" तेत्सुरो मान खाली घालून म्हणाला, "रविवारी आईंची बदलायला वर गेलो होतो. नंतर सुट्टीच मिळाली नाही." नुसत्या चार-पाच माना मिसाओकडे वळल्या आणि लगेच दुसरीकडे फिरल्या. त्या माना ती जन्मात विसरली नव्हती. तेव्हापासून रोज सकाळी पहिल्या वाफेच्या भाताची वाटी लेकीच्या फोटोपुढे ठेवायची आणि म्हणायचं, "माफ कर गं, चिहारू." दिवस त्यानंतर सुरू व्हायचा.

तर चाकं. तेत्सुरोला करताना तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की क्रम तोंडपाठ होता. हँडब्रेक ओढला, समोरच्या चाकाखाली दगडाची पाचर लावली. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक. पाना नटाला बसवला आणि जोर लावला, तर नट ढिम्म. पुन्हा जोर लावला. मनगटात कळ आली. मग तिने रबरी बूट घातलेला पाय पान्यावर ठेवला, गाडीच्या टपाला हात टेकला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. कर्र करून नट फिरला.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली.

"वहिनी, पान्यावर नाचताय की काय?"

कुंपणापलीकडे तोकुझो उभा होता. पंच्याहत्तरीचा, मिसाओच्या नवऱ्याचा बालमित्र. काखेत मुळ्यांची जुडी होती. मुळ्यांना धुरी द्यायचे दिवस होते, त्याच्या अंगालाही लाकडाच्या धुराचा वास येत होता.

"नाचत नाहीये. चाकं बदलतेय."

"ते दिसतंय. जावईबापू संपावर गेले वाटतं?"

"त्याला त्याची कामं आहेत."

"आणि तुम्हाला हाडं जास्त झालीत. सरका, मी करतो."

"तुमच्या कमरेला पट्टा आहे, भाऊजी. तुम्ही वाकलात तर तुम्हाला सरळ करायला मला दुसरा जॅक आणावा लागेल."

तोकुझो हसला, पण गेला नाही. थोडा वेळ कुंपणाला रेलून उभा राहिला, "उलटं फिरवा, उलटं," असं दोनदा सांगून पाहिलं, आणि मग मुळे घेऊन घरी गेला. घरी जाऊन त्याने काय केलं ते मिसाओला नंतर कळलं.

पुढची दोन चाकं झाली तेव्हा अकरा वाजले होते. मागचं उजवंही निघालं. काढलेलं प्रत्येक चाक ती गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवत होती, जॅक घसरला तर गाडी त्यावर टेकावी म्हणून. हेही त्याचंच बघून शिकलेलं. नवीन चाक उचलून बोल्टांवर बसवताना तिने गुडघे जमिनीला टेकले, चाक मांडीवर घेतलं आणि लहान मूल कडेवर घ्यावं तसं वर सरकवलं. बोटांची सालं निघाली. पण नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळताना तिला आतून बरं वाटायला लागलं होतं. कितीतरी वर्षांत असं काही जमलं नव्हतं.

मागच्या डाव्या चाकाने घात केला. चारही नट निघाले, गाडी वर उचलली, पण चाक जागचं हलेना. गंजाने आत धरून ठेवलं होतं. तिने ओढून पाहिलं, लाकडाच्या ओंडक्याने ठोकून पाहिलं, खाली बसून टाचेने लाथा मारून पाहिल्या. गाडी जॅकवर डुगडुगली तशी ती घाबरून मागे सरली. मग ओल्या गवतावर तशीच बसून राहिली. तीन चाकं बर्फाची आणि एक उन्हाळी.

तेवढ्यात वळणावर गाडीचा आवाज आला. तेत्सुरो. गाडी अर्धी रस्त्यात, अर्धी अंगणात टाकून तो धावतच आला. कारखान्याचं जॅकेट, पायांत घरातल्या सपाता.

"आई! लागलं का कुठे?"

"तू आज कसा काय?"

"तोकुझोकाकांचा फोन आला. म्हणाले, तुझी सासू गाडीखाली आहे."

"गाडीखाली! त्या म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नाही. गाडीशेजारी होते मी."

तेत्सुरोने तिच्याकडे पाहिलं, सोललेल्या बोटांकडे पाहिलं, मग तीन चाकांकडे. एकेक नट हाताने चाचपून आला. "नीट आवळलेत," तो म्हणाला. "पण का? उद्या मी येणारच होतो ना?"

"म्हणूनच."

"म्हणजे?"

मिसाओने चार दिवस मनात बोलणं जुळवून ठेवलं होतं. उद्या त्याला जेवायला वाढून, चहा देऊन, सावकाश सांगायचं होतं. आता ती गवतावर बसली होती, गुडघ्यांवर माती होती आणि जुळवलेलं सगळं विसरून गेली होती.

"तुझ्या आईचा फोन आला होता," ती म्हणाली. "वाकानाबद्दल सांगितलं. तू लग्न कर, तेत्सुरो. माझ्यासाठी अडून राहू नकोस. माझी चाकं मी बदलीन, नाही जमलं तर पेट्रोल पंपावर नेईन. तुझा एक रविवार मी एकदा मागून घेतला आणि त्यात माझी पोर गेली. आता दुसऱ्या कोणाचे रविवार मला नकोत."

तेत्सुरो उभा होता. त्याने गवतातला पाना उचलला.

"तसं नाही, आई."

"कसं नाही? मी त्या दिवशी फोन केला नसता, तर तू तिची चाकं बदलली असतीस. पर्सिमनं काय झाडावर राहिली असती तरी चाललं असतं."

"आई, थांबा."

"सहा वर्षं तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. तुझे उपकार..."

"मला मंगळवारी सुट्टी होती," तेत्सुरो म्हणाला.

मिसाओला आधी कळलंच नाही. "कुठल्या मंगळवारी?"

"त्याच. बुधवारच्या आदल्या दिवशी. कारखान्यात यंत्राची दुरुस्ती निघाली, आमच्या पाळीला ऐन वेळी सुट्टी दिली. दिवसभर मी घरी होतो. चाकं शेडमध्ये होती. ऊन पडलं होतं."

"मग?"

"कंटाळा केला, आई." त्याने हे अगदी हळू सांगितलं. "एवढंच. दुसरं काही नाही. शेगडीच्या मेजाखाली, कोतात्सूत, पाय घालून पडलो, दुपारी टीव्हीवर कुस्त्या लागल्या त्या बघत बसलो. म्हटलं, डिसेंबरपर्यंत कुठला बर्फ येतोय, रविवारी करू. आणि मग ती गेल्यावर कियोनोआत्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा तोंडातून रविवारचं निघालं. रविवारचं खोटं नव्हतं ना. नंतर सुट्टी मिळाली नाही, ते खोटं होतं."

वाऱ्याने शेडचं दार एकदा आपटलं. मिसाओने विचारलं ते तिचं तिलाही वेगळंच वाटलं.

"ती काय म्हणाली होती? मंगळवारी?"

"काय?"

"कामावर जाताना काही म्हणाली असेल ना तुला? शब्द सांग तिचे."

तेत्सुरोने बाहीने तोंड पुसलं. "म्हणाली, आज ऊन चांगलं आहे, पांघरुणं वाळत घातलीयत. तीनच्या आधी आत घे, नाहीतर गार पडतील. आणि माझी चाकं बदलून टाक."

"पांघरुणं घेतलीस?"

"घेतली."

"आणि परत आल्यावर? रागावली?"

"नाही. शेडमध्ये डोकावून आली आणि म्हणाली, आळशी कुठला! हसली. मग आम्ही जेवलो."

आळशी कुठला. मिसाओला तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला, शेवटचा शब्द जरा लांबवलेला. सहा वर्षांत लेकीचं नवीन असं एक वाक्य तिच्या कानावर पडलं नव्हतं. ते आज पडलं, आणि कुठून पडलं!

"रोज सकाळी मी तिची माफी मागते," ती म्हणाली. "ठाऊक आहे तुला?"

तेत्सुरो पान्यावरची माती पुसत राहिला.

"मी विचारतेय, ठाऊक आहे?"

"आहे. पहिल्या वर्षी पितरांच्या दिवसांत इथे राहिलो होतो, तेव्हा पलीकडच्या खोलीतून ऐकलं."

"ऐकलंस. आणि ऐकून झोपून राहिलास."

तो गवतावर गुडघे टेकून बसला, दोन्ही हात पुढे ठेवले आणि कपाळ हातांना लावलं. मिसाओ उठली. उठताना तिला गाडीचा आधार घ्यावा लागला, त्याने हात पुढे केला तो तिने घेतला नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "गाडी जॅकवर लटकतेय."

ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. स्वयंपाकघरात उभं राहून तिने बाहेरचे आवाज ऐकले. त्याने नट सैलसर परत लावले, जॅक उतरवला, गाडी जरा पुढे, जरा मागे ढकलली. खट् असा मोठा आवाज झाला आणि चाक सुटलं. मग जॅकची किरकिर. मग नट. मग उन्हाळी चाकं पाण्याने धुण्याचा आवाज, मग शेडचं दार. शेगडीवर किटली होती, पण मिसाओने शेगडी पेटवली नाही. लग्न होऊन चिहारू त्या घरात गेल्यापासून हा माणूस या अंगणातून बिनचहाचा कधी परतला नव्हता. गाडी सुरू झाली, क्षणभर थांबली, आणि मग वळणावरून खाली गेली.

त्या रात्री तिला राग आला, दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही आला. इतका राग आला की लोणच्यासाठी मुळे चिरताना सुरी पाटात रुतून बसायची. त्याने दोनदा फोन केला, तिने घेतला नाही. पण रागाहून वाईट गोष्ट सकाळी व्हायची. भाताची वाटी फोटोपुढे ठेवून ती बसायची आणि तोंडात शब्दच नसायचा. माफी कशाची मागायची? आणि माफी नाही, तर बोलायचं काय? सहा वर्षं मायलेकींचं रोजचं बोलणं तेवढंच होतं. दोषाच्या जडपणाखाली वाकून ती जगली होती खरी, पण त्या ओझ्याला तिने धरून ठेवलं होतं तसं लेकीलाही धरून ठेवलं होतं. आता हात रिकामे झाले, तर लेक अधिकच दूर गेल्यासारखी वाटली.

एकोणीस तारखेला चिहारूचा सातव्या वर्षाचा विधी होता. तिथे गेल्याचं वर्ष पहिलं धरतात, म्हणून सहा वर्षांनी सातवं. भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले. मागे जेवायला राहिली ती घरचीच माणसं: नणंद कियोनो, विहीण सुमिए, तोकुझो आणि तेत्सुरो. तेत्सुरो काळा कोट घालून खालच्या टोकाला बसला होता. मिसाओने सगळ्यांना वाढलं तसं त्यालाही वाढलं. बोलली नाही. तोकुझोच्या ते लक्षात आलं असावं, तो उगीच मुळ्याच्या लोणच्याचं कौतुक करत राहिला.

कियोनो ब्याऐंशी वर्षांची होती आणि मनात आलेलं ओठांवर येऊ न देण्याची तिला सवय नव्हती.

"सहा वर्षं कशी गेली बघ," ती म्हणाली. "बिचारा तेत्सुरो. तो रविवार इथे गेला नसता, तर आज पोरगी इथे बसून जेवत असती. तुला म्हणून नाही गं बोलत, मिसाओ."

"नाही, वन्सं," मिसाओ म्हणाली. ती भाताचं भांडं उघडत होती. तिने वर पाहिलं नाही.

तेत्सुरोने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"आत्या, रविवारचा काही संबंध नव्हता. मला मंगळवारी सुट्टी होती. दिवसभर घरी होतो. चिहारू सांगून गेली होती, तरी मी चाकं बदलली नाहीत. झोपून राहिलो. मयताच्या दिवशी मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. आईंचा त्यात काही दोष नाही. कधीच नव्हता."

"तेत्सुरो!" सुमिएच्या तोंडून निघालं, आणि तिने हात तोंडावर ठेवला. मग ती जागची वळली, मिसाओसमोर वाकली आणि कपाळ चटईला टेकवलं. "विहीणबाई. विहीणबाई, मला माहीत नव्हतं हो."

"उठा, उठा. तुम्ही काय केलंत?" मिसाओ म्हणाली.

तोकुझो ताटाकडे बघत बसला होता. सहा वर्षांत कियोनोने ते वाक्य किती घरांत, किती जणांजवळ म्हटलं असेल, ते बहुधा तिला आठवत होतं. शेवटी ती पुटपुटली, "मला अजून थोडा भात दे गं, मिसाओ," आणि वाटी पुढे केली.

मिसाओला वाटलं होतं, हे सगळ्यांना कळलं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. तिने जावयाकडे पाहिलं. त्याचे केस पुढून विरळ झाले होते, ते तिच्या आज लक्षात आलं. मान ताठ होती, डोळे लाल होते, आणि कोटाची एक बाही उसवली होती, जी शिवायला घरात कोणी नव्हतं.

सगळे गेल्यावर तो भांडी पुसायला थांबला. ती विसळत होती, तो पुसत होता. खिडक्यांवर बर्फासाठी लावलेल्या फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या येत होत्या.

"वाकानाला सांगितलंयस हे?" तिने विचारलं.

"नाही."

"आधी तिला सांग. सगळं सांग, पांघरुणांसकट. त्यानंतरही हो म्हणाली तर लग्न कर. न सांगता केलंस तर हे ओझं पुन्हा कोणाच्या तरी डोक्यावर ठेवशील."

"सांगतो."

"आणि एप्रिलमध्ये येऊ नकोस."

त्याचा हात थांबला. "ही शिक्षा आहे का, आई?"

"शिक्षा द्यायची असती तर ये म्हणाले असते. दर खेपेला आला असतास आणि माझ्याकडे बघत बसला असतास." तिने नळ बंद केला. "तुझ्या गाडीचा आवाज आला की मी अजून दोन दारं वाजायची वाट बघते. तुझं वाजतं. मग मी थांबते. दुसरं वाजत नाही. सहा वर्षं, वर्षातून दोनदा, शिवाय पितरांच्या दिवसांत. मी थकले रे त्याला."

तेत्सुरोने हातातली वाटी पुसून पुसून कोरडी केली होती, तरी पुसत होता. "मी माफी मागू का?"

"मागून झालीये तुझी. मला द्यायला अजून जमत नाहीये. कधी जमेल ते मला ठाऊक नाही, जमेलच असंही म्हणत नाही. पण तू त्याची वाट बघत आयुष्य काढू नकोस."

तिने शिवणाचा डबा आणला. "कोट काढ."

तो शर्टावर बसून राहिला आणि तिने बाही शिवून दिली. निघताना त्याने दारात खूप वेळ वाकून नमस्कार केला. ती आत येईपर्यंत तो वाकलेलाच होता.

त्या वर्षी बर्फ उशिरा आला, पण आला तो छपरापर्यंत. मिसाओ सकाळी फोटोपुढे बसायची. बरेच दिवस नुसतीच बसली. जानेवारीत कधीतरी तिने लेकीला, तोकुझोभाऊजी छपरावरून बर्फात पडले आणि त्यांची टोपी मार्चपर्यंत सापडणार नाही, एवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काही सुचलं नाही.

मार्चच्या शेवटी वाकानाचं पत्र आलं. अक्षर नीटनेटकं होतं. त्यांनी मला सगळं सांगितलं, असं तिने लिहिलं होतं. मी महिनाभर विचार केला आणि मग हो म्हटलं. जूनमध्ये लग्न आहे. तुम्हाला बोलावण्याचा हक्क मला नाही, पण न कळवणं बरं वाटेना. मिसाओने पत्र दोनदा वाचलं. उत्तरात तिने अभिनंदनाच्या दोन ओळी लिहिल्या आणि खाली, त्याला थंडी सोसत नाही, पण तो ते सांगत नाही, एवढं जोडलं. पाकीट पोस्टात टाकलं आणि घरी येऊन खूप रडली. लेकीच्या मरणानंतर इतकी ती रडली नव्हती.

एप्रिलमध्ये रस्ते कोरडे झाल्यावर तिने उन्हाळी चाकं स्वतःच गाडीत चढवली आणि खालच्या पेट्रोल पंपावर नेली. तिथल्या माणसाने गाडी यंत्राने वर उचलली, नट घुर्र घुर्र करून काढले, चाकं बदलली. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. मिसाओ आत खुर्चीवर कागदी पेल्यातला चहा धरून बसली होती, तो अर्धाही प्यायला नव्हता.

"झालं, आजी," तो माणूस म्हणाला. "शेडमध्ये ठेवायला घरी कोणी आहे ना? जड आहेत."

"आहे," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा साडेदहाच वाजले होते. बर्फाची चाकं तिने एकेक करून उतरवली, धुतली आणि वाळायला भिंतीला टेकवून ठेवली. हिवाळ्याच्या पाण्याने तेत्सुरोचा खडू कधीच पुसून गेला होता. तिने नवा खडू शोधून आणला आणि चाकांसमोर बसली, पण कुठलं चाक कुठल्या बाजूचं, हे पंपावर ती काढताना ध्यानात ठेवायचं तिच्याकडून राहूनच गेलं होतं.